बाबांचा पक्षाघात आणि पोटाचं वेळापत्रक

पक्षाघातावर मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. हाताचे व्यायाम, वाचा, पथ्य, रक्तदाब, सगळं असतं. शौचावरचा ताबा गेला तर घरच्यांनी काय करायचं, यावर मात्र मला २०२४ मध्ये काही धड सापडलं नव्हतं. घराघरांत हे घडत असतं, पण बोलत कोणी नाही. बाबांना विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिही. माझं नाव घालू नकोस, पण बाकीचं सगळं लिही." म्हणून सगळं लिहिते आहे.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. बाबांचं वय ७३, निवृत्त प्राथमिक शिक्षक, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात भजनाला पेटीवर तेच असतात. पहाटे लघवीला उठायला गेले आणि डावा पाय खाटेवरून उतरेनाच. आईने भावाला उठवलं, भावाने १०८ ला फोन केला आणि मग मला. वाळपईच्या सरकारी इस्पितळात साखर आणि रक्तदाब बघून त्याच गाडीने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. मी साखळीहून निघून थेट तिथे पोचले.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, "शेवटचे धडधाकट कधी दिसले?" रात्री दहाला झोपताना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि झोपेत झटका आला की वेळ मोजायची ती रात्री झोपल्यापासून. त्यामुळे ते इंजेक्शन मिळालं नाही. घरात कोणाला असं काही झालं तर "शेवटचे ठीक होते ती वेळ" घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा. रुग्ण ताब्यात घेणारा प्रत्येक डॉक्टर तेच विचारतो.

बाबांचा पक्षाघात बघायला येणाऱ्यांना पटतच नव्हता. तोंड वाकडं नाही, बोलणं स्पष्ट, दोन्ही हात हलतात. डावा पाय तेवढा लाकूड झालेला. आणि ते गप्प झाले होते. विचारलं तर नीट उत्तर द्यायचे, आपणहून एक शब्द नाही. दुपारी सिस्टर चादर बदलायला आल्या तेव्हा कळलं की कपड्यांतच शौच झाली आहे. बाबांनी मान भिंतीकडे वळवली. जन्मभर पहाटे उठून आंघोळ, पूजा आणि इस्त्रीचे कपडे असा ज्यांचा शिरस्ता, त्यांचं ते वळणं मला अजून डोळ्यांपुढे दिसतं.

एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला पुढून रक्त नेणारी जी धमनी आहे, तिच्यात गुठळी अडकली होती. शरीराची डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडून चालते. संध्याकाळच्या राउंडला एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पायाला झालं ते समजलं. पण परसाकडचा ताबा का गेला? पोटाला तर काही झालेलं नाही." त्या थांबल्या, माझ्या हातातल्या वहीचं पान उलटलं आणि पेनने मेंदूचे दोन अर्धे काढले, समोरून दिसतात तसे, मधे फट.

त्यांनी सांगितलं ते मी नंतर आणखी वाचून पक्कं केलं. हे समजलं आणि पुढची सगळी धडपड नेमकी कशासाठी करायची ते कळलं, म्हणून इथे थोडं सविस्तर देते.

मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांवर, साधारण कानापासून टाळूपर्यंत चढणारी एक पट्टी असते. तिला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. शरीराचे जे स्नायू आपण इच्छेने हलवतो त्यांना हुकूम इथून सुटतात. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड नावाचे शल्यविशारद होते. रुग्ण जागा असताना त्याच्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श करून कुठला भाग हलतो हे त्यांनी टिपलं आणि १९३७ मध्ये सहकारी बोल्ड्री यांच्यासोबत तो नकाशा छापला. चेहरा पट्टीच्या खालच्या बाजूला, हात त्याच्या वर, टाळूजवळ कंबर. पाय मात्र वरच्या कडेवरून आत, दोन अर्ध्यांमधल्या फटीत उतरतो. आणि पायाला लागूनच, त्याच फटीच्या भिंतीवर, ओटीपोटाच्या तळाचे आणि गुदद्वाराचे स्नायू हलवणारी जागा आहे. फटीतल्या या भिंतीला रक्त देणारी धमनी एकच, बाबांची बंद पडलेली. हात आणि तोंड वेगळ्या धमनीवर, म्हणून ते वाचले. गप्प होण्याचं कारणही तिथेच होतं. त्याच धमनीचं रक्त मेंदूच्या पुढच्या आतल्या भागाला जातं आणि काही सुरू करण्याची उमेद तिथून येते.

"पाय आणि ती जागा शेजारी-शेजारी," डॉक्टर पेनचं टोक टेकवत म्हणाल्या, "म्हणून दोघं एकदम गेले."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि मला धीर आला तो त्या गोष्टीने. आतडं मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मळ पुढे ढकलण्याचं काम ते जाळंच करतं. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, तरी आतड्याची पुढे सरकवणारी लाट चालूच राहिली. मळ गुदाशयात येऊन ताण पडला की आतलं कडं, म्हणजे आतला गोल स्नायू, आपोआप सैल पडतो. त्यावर आपली इच्छा चालत नाही. आपल्या इच्छेत असतं ते बाहेरचं कडं आणि गुदाशयाला मागून पुढे ओढून धरणारा, गोफणीसारखा अडकवलेला एक स्नायू. तो आवळलेला असला की मार्ग वाकडा राहतो आणि मळ थांबतो. सैल सोडला की मार्ग सरळ होतो.

बाहेरच्या कड्याचा हुकूम मेंदूतल्या त्या भिंतीवरून निघतो, मज्जारज्जूतून खाली येतो आणि रज्जूच्या अगदी शेवटाजवळ पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात पोचतो. ओनुफ नावाच्या संशोधकांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवला, म्हणून त्याला ओनुफचं केंद्रक म्हणतात. तिथून प्युडेंडल नस तो कड्यापर्यंत नेते. बाबांची नस, केंद्रक, कडं, आतडं, सगळं शाबूत होतं. वरून येणारी "थांब, आत्ता नाही" ही आज्ञा तेवढी तुटली होती. आतडं आपलं काम करत होतं, पण केव्हा आणि कुठे हे ठरवणारा कोणी नव्हता.

"परत येईल का?" मी विचारलं.

"हाताच्या बोटांचा हुकूम बहुतेक एकाच बाजूने येतो. या कड्याला दोन्ही बाजूंनी येतो," त्या म्हणाल्या. "मेंदूची डावी बाजू चांगली आहे. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत सुधारतं. पण वेळापत्रक तुम्हाला लावावं लागेल." डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या एकेका बाजूला झटका देऊन गुदद्वाराचा स्नायू आवळतो का हे तपासण्याचे प्रयोग नव्वदच्या दशकात झाले आहेत. दोन्ही बाजूंनी हुकूम येतो हे त्यांतून दिसलं होतं.

वॉर्डमधल्या दिवसांबद्दल तीनच गोष्टी सांगते. डायपर ओलं झाल्याबरोबर बदला, चार तास झाले म्हणून बदलू असं करू नका. कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम लावा. आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवा, कारण माकडहाडाजवळची कातडी ओली राहिली की बघता बघता जखम होते. हे तिन्ही आम्हाला एका वयस्क सिस्टरनी हाताला धरून शिकवलं. सकाळी आल्या की त्यांचा पहिला प्रश्न, "पोट साप जालें, बाबा?" म्हणजे पोट साफ झालं का. इतक्या सहज विचारायच्या की चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाबा मान हलवून उत्तर देऊ लागले. घरी आम्हीही तोच सूर धरला. कुजबुजायचं नाही, तोंड फिरवायचं नाही.

डिस्चार्ज ३ सप्टेंबरला मिळाला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ७ तारखेला होती. इस्पितळात उपचार, एमआरआय, औषधं यांचा पैसा लागला नाही. खर्च सुरू झाला तो घरी. चाकांची कमोड खुर्ची २,८०० रुपये, हवेची गादी ३,६००, डायपरचं दहाचं पाकीट साधारण ४०० आणि सुरुवातीला ते जेमतेम दोन-तीन दिवस पुरायचं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका वेळचे ५०० घेई. खुर्ची घेताना बसायची जागा रुंद आहे ना, हात टेकायचे दांडे बाजूला पडतात ना, आणि चाकांना ब्रेक आहे ना, हे बघून घ्या. दांडे पडत नसतील तर खाटेवरून सरकवताना सगळा भार उचलणाऱ्याच्या कमरेवर येतो.

चवथीच्या आठवड्यात घरात माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट), पाहुणे, आरत्या, आणि आतल्या खोलीत बाबा. त्यांना शौच होत नव्हती. पडून राहणं, कमी पाणी, कमी जेवण, त्यात बेडपॅन. आडवं झोपून पोटाला जोर देता येत नाही, हे ज्याने करून बघितलंय त्याला सांगायला नको. चार दिवस कोरडे गेल्यावर अचानक पातळ होऊ लागलं. थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी, त्यांना न कळता. गावाजवळच्या एका दवाखान्यात भावाने विचारलं तर जुलाब थांबवायच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेतल्यावर पोट फुगलं, भूक गेली, आणि पातळ गळणं तसंच.

२४ सप्टेंबरला गोमेकॉच्या ओपीडीत तपासणीची तारीख होती. सकाळी लवकर निघालो, केस पेपर काढला, नंबर लागेस्तोवर दुपार होत आली. मी गळण्याबद्दल सांगितल्यावर डॉक्टरांनी पडदा ओढला, हातमोजा घातला आणि बोटाने तपासलं. आत दगडासारखा घट्ट मळ बसला होता. वरून येणारा पातळ भाग त्याच्या कडेने झिरपत होता आणि दिसायला जुलाबासारखा दिसत होता. तिथल्या तिथे जेली लावून बोटाने थोडा मोकळा केला, मग एनिमा. बाबांच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या मी कित्येक दिवसांनी बघितल्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधी काही दिवस बद्धकोष्ठ आणि मग एकाएकी पातळ गळणं, असं दिसलं तर जुलाबाची गोळी देण्याआधी डॉक्टरांकडून बोटाने तपासणी करून घ्या, ती मागून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच दिवशी औषधांची यादीही त्यांनी बघितली. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढल्यावर लघवीची घाई होते म्हणून एक गोळी सुरू होती. ती मूत्राशयाला शांत करते तशी आतड्यालाही मंद करते. ती बंद केली. त्याऐवजी वेळेवर लघवीला बसवायचं ठरलं. रात्री मळ मऊ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यात आणि गरज पडली तर ग्लिसरिनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची वडी. इसबगोल आम्ही विचारलं होतं. ते म्हणाले, पाणी भरपूर पीत असतील तरच, नाहीतर तेच आत घट्ट बसतं.

मग वेळापत्रक. यामागचं गणित असं की जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला आपोआप हालचालीचा इशारा जातो आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर तो सगळ्यात जोरदार असतो. मेंदूची वेळ सांगण्याची ताकद गेली होती, आतड्याची ही सवय नव्हती. तेव्हा आतड्याला जी वेळ सोयीची, तीच आमची वेळ.

सकाळी साडेसहाला गरम पाणी, नंतर उकड्या तांदळाची पेज. पेज संपल्यावर वीसेक मिनिटांनी कमोड खुर्चीवर. पायांखाली देवघरातला जुना लाकडी पाट, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि तो गोफणीचा स्नायू सैल पडायला मदत होते. कोपरं मांडीवर, अंग पुढे झुकवून. डावा पाय घसरायचा, म्हणून पाटावर रबरी पायपुसणं. आई किंवा भाऊ पोटावर तळहाताने चोळायचे, उजव्या कुशीतून वर, बेंबीच्या वरून आडवं, मग डाव्या कुशीतून खाली. मोठ्या आतड्याचा रस्ता तसाच आहे. श्वास रोखून जोर लावायचा नाही, रक्तदाब चढतो. पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. झाली तर झाली, नाही तर उठायचं, कोणी काही बोलायचं नाही. दोन दिवस कोरडे गेले तर तिसऱ्या सकाळी सपोझिटरी. ती मळात खुपसायची नाही, गुदाशयाच्या भिंतीला टेकेल अशी बाजूने सरकवायची, मग पंधरा मिनिटं ते अर्धा तास थांबायचं.

पहिले काही दिवस माझ्यासमोर हे करायला बाबा तयार नव्हते. भाऊ वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, आईचे गुडघे धरलेले. मी शाळेतून रजा घेऊन माहेरी राहिले होते. एका सकाळी भाऊ कामावर, आईला उचलवेना. मी म्हटलं, "बाबा, मी पडद्यापलीकडे उभी राहते. उठायच्या वेळी हाक मारा." त्यांनी हाक मारली. त्यानंतर पडदा कायम राहिला, पण त्यांना माझी लाज वाटणं कमी झालं. ज्यांच्याकडे मुलगा किंवा सून ही सेवा करते त्यांनी पडदा, टॉवेल, आणि आत जाण्याआधी हाक, एवढं तरी सांभाळावं.

फिजिओथेरपिस्टने आणखी एक व्यायाम दिला. वारा सरत असताना आपण जसं आवरून धरतो, तसं गुदद्वार आत ओढून आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, दहा वेळा. मांड्या आणि ढुंगण आवळायचं नाही, श्वास चालू ठेवायचा. दिवसातून तीनदा. मेंदूच्या शाबूत भागातून त्या कड्याकडे पुन्हा पुन्हा हुकूम पाठवणं, हाच त्याचा हेतू. बाबांना मुद्दाम काही सुरू करणं जड जायचं, मी "आता व्यायाम" म्हटलं तर हो म्हणून तसेच बसून राहायचे. मग पेटी आठवली. हात तर शाबूत होते. खाटेवर पेटी ठेवली, भजनाची चाल धरली की समेवर आवळायचं, पुढच्या समेवर सोडायचं. तालाने ते आपोआप होऊ लागलं. मी मोजणं सोडून दिलं.

रोजची नोंद शाळेच्या जुन्या हजेरीवहीत ठेवली. वेळ, किती, कसं, कपड्यात की खुर्चीवर, सपोझिटरी लागली का. कसं हे लिहायला ब्रिस्टलचा तक्ता वापरला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाच्या स्वरूपाचे सात प्रकार ठरवले आहेत. १ म्हणजे सुट्ट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. ३ आणि ४ हवेत. "बरं होतंय" म्हणण्यापेक्षा "गेल्या पंधरवड्यात ४, कपड्यात दोनदा" असं सांगितलं की डॉक्टर लगेच पुढचं बोलतात.

खाण्यात फार काही नवं केलं नाही. नाचणीची आंबील, तांबडी भाजी, पिकलेली पपई, संध्याकाळी केळं. मैद्याचे पाव आईने कमी केले, पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे, म्हणजे गोल पाव, येत राहिले ते बाकीच्यांसाठी. पाणी दिवसाकाठी दीड लिटर, संध्याकाळी सहापर्यंत बहुतेक संपवायचं म्हणजे रात्री लघवीचा त्रास नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी पाण्याचं प्रमाण आधी विचारावं.

ऑक्टोबर अर्धा झाला तरी कपड्यात व्हायचंच, पण सकाळच्या बैठकीत होणं वाढत गेलं. दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा बाबा आपणहून म्हणाले, "लागली आहे, ने मला." खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच झालं. तरी मी आईला मिठी मारली. इशारा वर पोचत होता. १९६४ मध्ये अँड्र्यू आणि नेथन या डॉक्टरांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं की लघवी-शौचाची क्रिया एकदा सुरू झाली की ती नेहमीसारखीच पार पडते, बिघाड असतो तो आगाऊ जाणीव आणि रोखून धरणं यांत. आमच्याकडे अगदी तेच दिसत होतं. इशारा आणि क्रिया यांच्यामधली ती फट आधी नव्हतीच, आता काही सेकंदांची झाली होती. म्हणून खुर्ची खाटेला लावूनच ठेवली, लुंगी सुटसुटीत केली, नाड्या आणि बटणं काढून टाकली. जानेवारी २०२५ च्या तपासणीत डॉक्टरांनी बोटाभोवती आवळायला सांगितलं आणि म्हणाले, "आता पकड लागते." त्या महिन्यापासून दिवसा डायपर नाही.

शिमग्याच्या आधी दिव्यांग प्रमाणपत्राचं काम केलं. पक्षाघातानंतर सुधारणा होत असते, म्हणून सहा महिने थांबून मग अर्ज करायला सांगितलं होतं. फेब्रुवारीत स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरला: आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल. फोटो आणि सहीची फाइल ठराविक आकारात लागते, नाहीतर चढत नाही. जवळच्या सायबर कॅफेवाल्याने १०० रुपये घेऊन करून दिलं. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाची तारीख मार्चमध्ये मिळाली. सकाळी नऊचं बोलावणं, आत जायला दुपार झाली. बरोबर पेज, पाणी, कपड्यांचा जोड, प्लास्टिकची पिशवी असं सगळं नेलं होतं आणि सकाळचं वेळापत्रक आटोपूनच निघालो होतो, म्हणून निभावलं. बोर्डासमोर बहुतेक विचारणा चालण्याबद्दल होते, काठी, पायाची ताकद, जिना. लघवी-शौचाच्या नियंत्रणाचं आपणहून सांगावं लागतं. मी हजेरीवही पुढे केली. डॉक्टरांनी चार पानं उलटली आणि कागदावर नोंद केली. प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं मिळालं. मूळ कागद पुढे जागोजागी दाखवावा लागतो, तेव्हा सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती आधीच काढून ठेवा.

खर्चाचा अंदाज हवा असणाऱ्यांसाठी: पहिल्या तीन महिन्यांत खुर्ची, गादी, डायपर, हातमोजे, मलम, फिजिओ आणि संडासात बसवलेले आधाराचे दोन दांडे मिळून ४५ हजारांच्या आसपास गेले. त्यात सगळ्यात मोठा आकडा फिजिओचा, नंतर डायपरचा. वेळापत्रक बसत गेलं तसा डायपरचा खर्च आपोआप उतरला.

आता बाबा चौपायी वॉकर धरून संडासापर्यंत चालतात. पूड अजून रात्री अर्धी मात्रा चालू आहे, सपोझिटरी क्वचित लागते. रात्री डायपर घालतात, कारण झोपेत अजून भरवसा नाही. घाई झाली तर हातातली मुदत दोनेक मिनिटांची, म्हणून नव्या ठिकाणी गेलो की आधी संडास कुठे ते बघून ठेवतो आणि देवळात कडेची जागा धरतो. जूनमध्ये एकादशीच्या भजनाला ते दोन तास पेटीवर बसले. पाचच्या सुमारास बसायचं ठरवलं, कारण दुपारच्या जेवणानंतरची घाई तोवर सरलेली असते. मध्यंतरात भाऊ त्यांना मागच्या बाजूने नेऊन आणायचा, कोणी विचारलं नाही.

पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये आहे. तोवर पूड पाव मात्रेवर आणून बघायची, नोंदवहीत दोन आठवडे ३ किंवा ४ राहिले तर बंद करायची, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. कोणाच्या घरात आत्ताच असं काही झालं असेल तर वॉर्डमध्ये असतानाच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली आहे, गुदद्वाराची पकड तपासली का, आणि घरी गेल्यावर शौचाचं वेळापत्रक काय ठेवायचं. उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.